फुटलेल्या घराचे शेजारी

फुलपाड्याहून विरार स्टेशन गाठावे, दोन स्टेशने मागे टाकून वसई रोडला उतरावे आणि बस धरून किल्ल्याकडे जावे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये हा किल्ला जिंकला, हे इथले शाळकरी पोरही सांगते. ३१ डिसेंबर १८०२ ची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. त्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला.

दोष बाजीरावाच्या पदरी टाकून आपण मोकळे होतो. पण त्याच्या बापानेही, राघोबादादांनी, हेच केले होते. नारायणरावांच्या खुनानंतर गादीसाठी त्यांनी ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस तह करून साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. मग १७७५ मध्ये राज्य बुडाले नाही, ते का?

कारण पुण्यात बारभाई होते. ‘बारभाईंची खेती’ म्हणून आपण थट्टा करतो, आणि त्या मंडळात कलह काय थोडा होता? खुद्द सखारामबापू आणि मोरोबा फडणीस राघोबादादांकडे झुकले. ही काही लोकशाही नव्हे; रयतेला कोणी विचारले नव्हते. पण चारचौघांत मसलत करायची आणि ठरले ते तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने चालवायचे, एवढी रीत होती. म्हणून १७७९ मध्ये वडगावास इंग्रजी फौजेला नमवता आले. म्हणूनच पुढच्या वर्षी नाना फडणिसांना निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले या शेजाऱ्यांना एका गोटात आणता आले. हैदर तर कालपर्यंतचा वैरी! इंग्रजांनी १७८० मध्ये घेतलेली वसई १७८२ च्या सालबाईच्या तहाने परत आली. साष्टी तेवढी गेली ती गेलीच.

नाना १८०० मध्ये वारले. त्यानंतर सर्वांना एकत्र बसवील असे ठिकाणच उरले नाही. १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. भावाच्या मृत्यूची दाद यशवंतरावांनी मागावी कोणाकडे? फिर्याद ज्याच्यावर, न्यायाधीशही तोच. तेव्हा निवाडा २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या रणात झाला. शिंदे व पेशवे यांच्या फौजा हरल्या आणि बाजीराव कोकणात पळाला. यशवंतरावांनी परत बोलावले, तरी त्याचा विश्वास बसेना. बसणार कसा? शेवटी समुद्रमार्गे तो वसईस आला.

तहात सहा पलटणींची इंग्रजी फौज होती आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख होता. मला त्याहून जड वाटतात ती दुसरी कलमे. निजामाशी वा गायकवाडांशी तंटा झाला तर निवाडा इंग्रजांचा. आणि त्यांना विचारल्यावाचून कोणत्याही दरबाराशी बोलणे लावायचे नाही. बाविसेक वर्षांपूर्वी ज्या पुण्याने इंग्रजांविरुद्ध निजामाला जोडले, त्याच पुण्याला आता निजामाशी परस्पर बोलायचीही सोय उरली नाही.

१३ मे १८०३ रोजी इंग्रजी संगिनींच्या छायेत बाजीराव पुन्हा गादीवर बसला. शिंदे आणि भोसले लढायला उठले. होळकर त्या युद्धापासून दूर राहिले. असई, आडगाव येथे पराभव झाले. हडपसरला पेशव्यांच्या बाजूने ज्यांची फौज लढली, त्या शिंद्यांनी ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावास तह केला. वसईच्या तहाला वर्ष व्हायला एक दिवस बाकी होता. होळकरांची पाळी पुढच्या वर्षी आली, आणि तेव्हा ते एकटे होते.