काका अनंतगिरीला गेलेत

आपल्या हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत, काचीगुडा असो की सुलतान बाजार, "काका अनंतगिरीला गेलेत" म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे. विकाराबादजवळच्या त्या डोंगरावर पद्मनाभस्वामींचं देऊळ आहे आणि क्षयरोग्यांचं सॅनिटोरियमही होतं. देवदर्शनाला कुणी सहा-सहा महिने राहत नाही, पण घरात लग्नाची मुलगी असली की देवाचं नाव सोयीचं पडायचं. वेगळ्या कपबशीचं कारण काय, तर म्हणे पित्त!

त्याच काळात, 1955 ते 1958 मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं क्षयाची देशव्यापी पाहणी केली. सहा विभागांत एक आपलं हैदराबाद. एक्स-रेची गाडी शहरांत जायची, खेड्यांतही जायची. छातीचा छोटा फोटो काढायचा, डाग दिसला तर थुंकी तपासायची. तोवर समज असा, की क्षय हा शहरातल्या दाटीवाटीचा रोग. निघालं भलतंच. खेड्यांतही जवळपास तेवढाच होता.

आता एवढ्या खेड्यांत गाड्या फिरवणं परवडणार कसं? बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात रोग्यांनाच जाऊन विचारलं. 1963 मध्ये ते छापून आलं. थुंकीत जंतू सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आधीच दवाखान्यांत जाऊन खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. या सगळ्या इतिहासात मला हेच सर्वांत टोचतं. आपण पांढरपेशे लपवत बसलो, तो शेतकरी मात्र रांगेत उभा होता. थुंकी तपासायचं कुणाला सुचलं नाही.

1962 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमानं मग साध्या दवाखान्यात, खोकत येईल त्याची थुंकी तपासण्यावर भर दिला. स्वस्त आणि शहाणपणाचं होतं ते. पण जो येतच नाही त्याचं काय? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणं असलेले 64 टक्के लोक कुठेच गेलेले नव्हते, आणि एक्स-रे काढला नसता तर सुमारे 43 टक्के रोगी हातून निसटले असते.

म्हणून एक्स-रे पुन्हा वस्तीत येतोय, आता हातात मावेल एवढ्या यंत्रात. खोकला नसला तरी फोटो काढतात. साठीच्या पुढचे, मधुमेही, विडी-सिगारेट ओढणारे, पूर्वी क्षय होऊन गेलेले आणि रोग्याच्या घरातले, यांना आधी बोलावतात. आमच्या घरातले तर निम्मे त्या यादीत बसतात.