अवयव-स्वातंत्र्य (ड्रमसेट वादन)

एकाच लयीत दोन हात व दोन पाय यांनी वेगवेगळे आघात करण्याची क्षमता. उजवा हात राइड झांजेवर, डावा स्नेअरवर, उजवा पाय बेस ड्रमवर व डावा हाय-हॅटवर, ही रूढ वाटणी. जॅझमध्ये हे कौशल्य विशेष विकसित झाले. जिम चॅपिन यांच्या १९४८ च्या पाठ्यपुस्तकात राइडचा ठेका न मोडता डाव्या हाताने निरनिराळ्या आकृती वाजवण्याचे पाठ आहेत.

सरावात तीन अवयव ठरलेला ठेका धरतात, चौथा बदलत राहतो. गती मेट्रोनोमवर मिनिटाला ६० ठोक्यांच्या आसपास ठेवावी. घाईने वाजवल्यास चूकच पक्की होते. दोनास तीन हा पाया : आवर्तनाचे सहा समान भाग करून एक हात १, ३, ५ वर, दुसरा १ व ४ वर पडतो. तबलजीला ही दीडपट ओळखीचीच आहे. हाताने टाळी देत तोंडाने बोल म्हणण्याची पढंत हाही याच जातीचा सराव.

पनवेलजवळच्या करंजाडेसारख्या सिडको वसाहतीतील सदनिकांत पूर्ण संच वाजवणे शेजाऱ्यांना जाचक ठरते. तिथे रबरी पॅड, मांडी आणि जमिनीवरची टाच पुरते.

मुंबईत १९५१ मध्ये जन्मलेले, ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू यांनी तबला आणि ड्रम यांचा मेळ घातला. ते स्टुलाऐवजी जमिनीलगत बसून वाजवतात.