मराठी मुलांची बुद्धि आणि परकी मोजपट्टी

एका भाषेंतील प्रश्नावली दुसऱ्या भाषेंत नेणें हें वरवर पाहतां दुभाष्याचें काम वाटतें. पॅरिस येथें बिने व सिमाँ यांनीं १९०५ सालीं मुलांची बुद्धि मोजणारी प्रश्नमाला रचली. स्टॅनफर्डच्या टर्मन यांनीं १९१६ सालीं तिची अमेरिकन आवृत्ति काढली. तींत मुलानें पेनी, निकेल, डाइम हीं नाणीं ओळखावयाचीं होतीं. सोळा आण्यांचा रुपया मोजणाऱ्या नाशिकच्या मुलाला तीं कोठून ठाऊक असणार? उत्तर न आल्यास मूल मंद ठरावयाचें. दोष मात्र प्रश्नाचा! यमकें जुळविण्याच्या प्रश्नाची गत तर याहून वाईट. अर्थ आणावा तों यमक मागें राहतें.

मराठी व कानडी मुलांसाठीं ही मोजपट्टी नव्यानें बसविण्याचें काम तत्कालीन मुंबई इलाख्यांतील धारवाडास व्ही. व्ही. कामत यांनीं केलें. त्यावरील त्यांचा लेख १९३४ सालीं व इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. अशा कामांत भाषांतर हा सोपा भाग होय. खरी मेहनत पुढेंच असते. प्रत्येक प्रश्न शेंकडों मुलांना, एकेकाला समोर बसवून, विचारावा लागतो. आठव्या वर्षासाठीं ठेवलेला प्रश्न त्या वयाच्या बहुतेकांस अडला आणि दहाव्या वर्षीं सुटूं लागला, तर त्याची जागा हलवावी लागते. मूळ ग्रंथकार कितीहि थोर असो.

ही खटपट एकदां करून संपतहि नाहीं. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, आणि आण्या-पैंचा हिशेब विचारणारा प्रश्न मराठी मुलालाहि परका झाला.