जन्म न्यूयॉर्कचा, मैदान आम्स्टरडॅमचे

आम्स्टरडॅमच्या आयाक्स संघाचे जुने क्रीडांगण लाकडी बांधणीचे होते. १९२० नंतरच्या दशकात तेथे सामना असला, की प्रेक्षकांतील एक जथा मध्यंतर होताच आपली जागा सोडून मैदानाच्या दुसऱ्या बाजूस जाऊन उभा राही. संघांच्या बाजू बदलल्या म्हणजे उजव्या बगलेवरून धावणारा एडी हॅमेल पलीकडे जात असे, आणि त्याचा खेळ जवळून दिसावा एवढीच या मंडळींची हौस असे.

हॅमेलचा जन्म २१ ऑक्टोबर १९०२ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आईबाप हॉलंडमधून अमेरिकेस गेलेले ज्यू. परंतु पुढे कुटुंब आम्स्टरडॅमला परतले, आणि मुलगा जन्माने अमेरिकेचा नागरिक व वळणाने पक्का आम्स्टरडॅमकर झाला. १९२२ ते १९३० या काळात तो आयाक्सकडून १२५ सामने खेळला. गोल मात्र अवघे आठ! हा आकडा पाहून कोणी नाक मुरडू नये. कडेने चेंडू पुढे नेऊन मध्यभागी असलेल्या सोबत्याच्या पायाशी तो नेमका पोहोचवावयाचा, हे त्या जागेवरील गड्याचे काम. श्रेय बहुधा दुसऱ्याच्या नावावर जमा व्हावयाचे. हॉलंडमध्ये धंदेवाईक फुटबॉलला १९५४ पर्यंत मान्यताच नव्हती. तेव्हा हा सारा खटाटोप खेळाच्या प्रेमापोटीच होता.

पायांतील वेग ओसरल्यावर हॅमेलने आल्कमार गावच्या आल्कमारिया व्हिक्ट्रिक्स या संघास तीन वर्षे शिक्षक म्हणून धडे दिले. आयाक्सच्या जुन्या खेळाडूंचा एक हौशी संघ होता, त्यातूनही तो खेळत राहिला. १९२८ साली त्याचा विवाह झाला होता; १९३८ साली त्यास जुळे मुलगे झाले. संसार मार्गी लागला होता.

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या. ज्यूंवरील बंधने एकाएकी आली नाहीत, टप्प्याटप्प्याने आली: प्रथम नोकऱ्या गेल्या, १९४१ च्या सप्टेंबरात बागा, चित्रपटगृहे, क्रीडांगणे बंद झाली, आणि १९४२ च्या मे महिन्यात छातीवर पिवळा तारा आला. ज्या मैदानावर हजारो लोक हॅमेलच्या नावाचा पुकारा करीत, तेथे पाऊल टाकणे त्यास आता गुन्हा ठरला. १९४२ च्या अखेरीस तो पकडला गेला, आणि पत्नी व मुले यांच्यासह वेस्टरबोर्कच्या छावणीत येऊन पडला. अमेरिकेत जन्मलो, अमेरिकेचा नागरिक आहोत, ही त्याची एकच आशा होती.

ही आशा वेडगळ होती असे म्हणता येत नाही. हॅमेलला आयाक्समध्ये तयार करणारा शिक्षक जॅक रेनल्ड्स हा इंग्रज. शत्रुराष्ट्राचा प्रजाजन म्हणून जर्मनांनी त्यासही अटक केली आणि अखेर अप्पर सायलेशियातील टोस्ट येथे स्थानबद्ध करून ठेवले. तेथे हाल होते, पण प्राण सुरक्षित होते. १९४५ साली तो परत आला आणि १९४७ साली आयाक्सला त्याने पुन्हा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. परदेशी नागरिकत्वाच्या कागदाने गुरूस तारले. शिष्याच्या बाबतीत त्या कागदापेक्षा ज्यू हा शब्द वजनदार ठरला. १९४३ च्या जानेवारीत हॅमेल कुटुंबाची रवानगी त्याच अप्पर सायलेशियातील ऑशविट्झला झाली. पत्नी आणि पाच वर्षांचीही न झालेली मुले तेथेच मारली गेली. हॅमेल धट्टाकट्टा असल्यामुळे त्यास मजुरीसाठी ठेवण्यात आले.

बिर्केनाऊच्या बराकीत त्याच्या शेजारी लिऑन ग्रीनमन होता. हा लंडनचा जन्मलेला, रॉटरडॅममध्ये संसार थाटलेला. तरुणपणी मुष्टियुद्धाचा नाद असलेला. दोघांनाही इंग्रजी येत होते, त्यामुळे मैत्री जमली. ग्रीनमनची कथाही कागदाचीच. सांभाळण्यास दिलेली त्याची पारपत्रे ओळखीच्या माणसांनी भीतीपोटी जाळून टाकली; आणि त्याचे ब्रिटिश नागरिकत्व सिद्ध करणारे कागद वेस्टरबोर्कला पोहोचले, ते त्यांची गाडी सुटून गेल्यावर. त्याचीही पत्नी व लहान मुलगा ऑशविट्झलाच गेले.

तीन महिने दोघे राबले. मग एके दिवशी कैद्यांची निवड झाली. नागडे होऊन एकामागून एक तपासणाऱ्यांसमोरून जावयाचे. अंगात काम करण्याची धमक दिसली तर एका बाजूस, न दिसली तर दुसऱ्या बाजूस. रांगेत हॅमेल ग्रीनमनच्या मागे होता. तोंडात गळू होऊन त्याचा चेहरा सुजला होता, आणि आता आपले काय होणार, ही चिंता त्याने पुढे उभ्या असलेल्या मित्रास बोलून दाखविली. ग्रीनमन पुढे गेला, सुटला. त्याने मागे वळून पाहिले, तो हॅमेलला दुसऱ्या बाजूस पाठविण्यात आले होते. ३० एप्रिल १९४३ ही त्याच्या मृत्यूची तारीख नोंदलेली आहे. वय चाळीस.

ग्रीनमन पुढे मोनोविट्झला आणि तेथून बुखेनवाल्डला नेला गेला. १९४५ च्या एप्रिलात तो मुक्त झाला. लंडनला परतून २००८ साली मृत्यू येईपर्यंत तो शाळाशाळांतून मुलांना ही हकीकत सांगत असे. आयाक्सच्या उजव्या बगलेवरील त्या खेळाडूचा शेवट कसा झाला, हे जगास कळले ते त्याच्याच तोंडून.