नॉटपेड पत्रांचें हशील

टपालवाला दाराशीं उभा आहे. पत्र त्याच्या हातांत आहे, आणि पाकिटावरील शिक्क्यांत 'एक आणा येणें' असें लिहिलें आहे. अक्षरावरून पत्र मित्राचें आहे हें ओळखूं येतें. परंतु पैसे दिल्यावांचून तें हातीं पडावयाचें नाहीं, आणि फोडल्यावांचून आंत काय आहे तें कळावयाचें नाहीं. एका आण्याचें मोल आहे कीं नाहीं, हें आणा देण्यापूर्वींच ठरवावें लागतें! अशा पत्राला मराठींत 'नॉटपेड' म्हणत. इंग्रजी 'बेअरिंग' शब्दाचा अपभ्रंश होऊन हिंदींत तेंच 'बैरंग' झालें, आणि रिकाम्या हातांनीं परतणारा मनुष्यहि तेथें 'बैरंग' परतूं लागला. पत्राचें हशील कोणीं द्यावयाचें, लिहिणारानें कीं वाचणारानें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु चांद्यासारख्या अरण्यमय मुलखांत तो केवळ पैशाचा कधींच नव्हता.

या मुलखांत त्या प्रश्नाचा आरंभ एका विशिष्ट वर्षापासून मोजतां येतो. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्यें निपुत्रिक वारले, आणि पुढील वर्षीं लॉर्ड डलहौसीनें त्यांचें राज्य खालसा केलें. चांदा इंग्रजांकडे गेलें तें असें. त्याच १८५४ सालीं, १ ऑक्टोबरपासून, हिंदुस्थानांत एकाच दराचें टपाल सुरू झालें. तत्पूर्वीं, १८३७ च्या कायद्यानें, हशील अंतरावर आकारलें जाई. कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाचें पत्र पाठविण्यास एक रुपया पडे. नव्या कायद्यानें पाव तोळ्याच्या पत्रास, अंतर कितीहि असो, अर्धा आणा पुरे झाला. सिरोंचाचा प्रदेश १८७४ मध्यें चांदा जिल्ह्यास जोडला गेला; आणि ज्याला आज गडचिरोली जिल्हा म्हणतात, तो त्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा झाला.

अर्ध्या आण्याच्या या सवलतीस एक अट होती. तिकीट लावलें तरच अर्धा आणा. न लावल्यास घेणाराकडून दुप्पट वसूल करावयाचें, आणि कमी लावल्यास जेवढी तूट तिची दुप्पट. असें पत्र निराळें काढणें, त्यावर आकार लिहिणें, ती रक्कम टपालवाल्याच्या नांवें मांडणें आणि त्याजकडून हिशेब घेणें, हें सर्व काम वाढे; शिवाय लोकांस तिकिटाची संवय लागावी हाहि हेतु होता. ती मात्र लवकर लागली नाहीं. पुष्कळांची अशी समजूत होती कीं, पैसे भरलेलें पत्र वाटेंत टाकून दिलें तरी सरकारचें कांहीं जात नाहीं. नॉटपेड पत्राचे पैसे मात्र अजून यावयाचे असतात, म्हणून तें खात्रीनें पोंचतें. जेथें टपालकचेरी कित्येक कोस दूर, तेथें तर तिकीट मिळविणें हेंच एक काम होतें.

या पद्धतींतील लबाडीहि जुनीच आहे. इंग्लंडांत १८४० मध्यें एक पेनीचें टपाल सुरू होण्यापूर्वीं रोलंड हिल यानें कोलरिज कवीची एक आठवण दिली होती. एका खेड्यांतील स्त्री भावाचें पत्र पैशाअभावीं परत करीत होती. कोलरिजला दया येऊन त्यानें हशील भरलें. टपालवाला गेल्यावर तिनें सांगितलें कीं आंतला कागद कोरा आहे. पत्र आलें म्हणजे भाऊ खुशाल आहे, एवढाच संकेत! आपल्याकडे पत्राचें बाह्यरूप बोले तें निराळ्या रीतीनें. मंगल कार्याच्या पत्रास हळदकुंकू लागे, मृत्यूच्या वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. कुंकवाचें पत्र नाकारणें अशुभ, आणि फाटक्या कोपऱ्याचें नाकारणें निर्दयपणाचें. म्हणजे पत्र न फोडतां जें कळे, त्यानेंच घेणाराचे हात बांधले जात.

कायद्यानें ते बांधले नव्हते. १८९८ च्या टपाल कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणें, पत्र स्वीकारणारानें देणें चुकतें करावयाचें. मात्र तें न फोडतां तत्काळ परत केल्यास त्याजवर बोजा नाहीं. मग तो बोजा पाठविणारावर पडे. केवळ त्रास देण्याच्या दुष्ट हेतूनें कोणीं नॉटपेड पत्र धाडलें, अशी पोस्टमास्तर जनरलची खात्री झाल्यास त्यानें हशील माफ करावें, अशीहि तरतूद होती. वैऱ्यापासून कायद्यानें असें संरक्षण दिलें होतें. मित्राच्या विसराळूपणापासून मात्र दिलें नव्हतें, आणि देतांहि आलें नसतें. ज्याला वाचतां येत नव्हतें त्याची अडचण आणखी मोठी. पत्र कोणाचें हें कळण्यासहि तें दुसऱ्याकडून वाचवून घ्यावें लागे. खेड्यांत तो दुसरा बहुधा टपालवालाच, आणि पैसे वसूल करण्याची जबाबदारीहि त्याचीच.

१ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें पोस्टकार्ड आलें. तिकीट कार्डावरच छापलेलें असल्यानें विसरण्यास जागा उरली नाहीं, असें वाटलें. परंतु दर वाढले कीं घरांतील जुनीं कार्डें तुटीचीं होत. १९२२ मध्यें कार्ड अर्ध्या आण्यास झालें. पाव आण्याचें जुनें कार्ड तसेंच पेटींत टाकलें, तर घेणारास पाव आण्याच्या तुटीबद्दल अर्धा आणा पडे, म्हणजे नव्या कार्डाइतकेच पैसे. १९३१ मध्यें दर नऊ पै झाला आणि तोच प्रकार पुन्हां घडला. पुढें दसरा-दिवाळीचीं व संक्रांतीचीं छापील शुभेच्छापत्रें उघड्या पाकिटांत बुकपोस्टानें स्वस्त जाऊं लागलीं. वयस्कर श्रोत्यांस आठवत असेल कीं, एखाद्या स्नेह्यानें प्रेमानें पाकिटाची कड चिकटवून टाकली, कीं त्या शुभेच्छेस पुऱ्या पत्राचा दर लागे, आणि तूट दुपटीनें भरून ती घ्यावी लागे! तिळगूळ घ्या म्हणणारानें गोड बोलण्याची किंमत दुसऱ्याकडून घ्यावी, तसाच हा प्रकार.

शहरांत असें पत्र परत करणें सोपें होतें; मित्राची गांठ संध्याकाळीं पडे, आणि दोघे हंसत. भामरागड किंवा सिरोंचाकडे तसें नव्हतें. वडसा, नागभीड, बल्लारशा येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं आगगाडी पोंचली, तरी त्यापुढें अरण्य होतें आणि नद्या होत्या. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती यांना पूर आला म्हणजे पावसाळ्यांत पलीकडचीं गांवें तुटत, आणि टपालहि थांबे. तेथें नाकारलेलें पत्र आल्या वाटेनें माघारीं जाई. पाकिटावर पाठविणाराचा पत्ता नसला, तर तें बेवारशी पत्रांच्या कचेरींत जाऊन पडे, आणि पत्ता शोधण्यासाठीं तेथील कारकून तें फोडी. मित्रानें मित्रास लिहिलेलें पहिल्यानें परक्याच्या दृष्टीस पडे. वर्षांतून दोनचार पत्रें येणाऱ्या घरीं नाकारण्याचा हक्क कागदावरच राही. घरांतील माणूस दूर नोकरीस किंवा शिक्षणास गेलेलें असलें, तर आलेलें पत्र त्याच्या आजाराचें आहे, पैशाच्या मागणीचें आहे, कीं नुसतें खुशालीचें, हें जाणण्यासाठीं आणा मोजावाच लागे. टपालखात्याच्या हिशेबीं तो दंड होता. देणाराच्या हिशेबीं ती भीतीची किंमत होती.

म्हणूनच जुन्या काळच्या समंजस लोकांचा एक शिरस्ता ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ज्याच्या जवळ पैसा थोडा, त्यास पत्र लिहितांना ते जोडकार्ड धाडीत; अर्ध्यावर आपला मजकूर, आणि उरलेला अर्धा त्याच्या उत्तरासाठीं, हशील आधींच भरलेला. ख्यालीखुशाली आपण विचारावयाची तर उत्तराचा भार दुसऱ्यावर टाकूं नये, हा त्यांतील विवेक. १८९८ चा कायदा जून २०२४ मध्यें जाऊन त्याजागीं नवा आला, आणि दारांत आणे मोजून पत्र घेणाराची पिढीहि गेली. परंतु स्नेहाचें जें देणें आपण भरावयाचें राहतें, तें नाहींसें होत नाहीं; दूर कोठें तरी दाराशीं उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणास तें भरावें लागतें, आणि बहुधा दुपटीनें.