शाळेचा उंबरठा आणि जून महिना

महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाच्या वर्षात जून हा दुहेरी खर्चाचा महिना आहे. मृग नक्षत्र लागते, बी-बियाणे व खतांची तजवीज करावी लागते आणि त्याच सुमारास शाळेची घंटा वाजते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात. इतरत्र त्या जूनच्या मध्यास सुरू होतात. मागील पिकाचा पैसा संपलेला आणि पुढील पीक अद्याप जमिनीत, अशा वेळी मुलाच्या हाती वह्या-पुस्तके आणि अंगावर गणवेश देण्याची जबाबदारी घरावर येते. सार्वजनिक शाळेत फी नसली तरी तिच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यास खर्च लागतोच. हा खर्च आजवर कोणी, कसा आणि मुख्य म्हणजे केव्हा उचलला, याचा इतिहास समाजकार्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेने जाणून घेण्याजोगा आहे.

शाळा काढली म्हणजे मुले आपोआप येतील, ही समजूत खोटी असल्याचे प्रथम ठामपणे सांगितले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. त्याचबरोबर दारिद्र्यामुळे शेतकऱ्यांची मुले गुरे राखण्यात व शेतकामात गुंतलेली असतात, हेही त्यांनी निदर्शनास आणले आणि अशा पालकांना उत्तेजन म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असे सुचविले. शिक्षणाच्या खर्चात घरच्या अडचणीचाही हिशेब धरला पाहिजे, हा विचार त्या निवेदनात स्पष्टपणे आला आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयक मांडले; परंतु १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ब्रिटिश मुलखात जे घडू शकले नाही, ते करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी घडविले. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपयापर्यंत दंड ठेवला.

तथापि शाहू महाराज केवळ दंडावर विसंबून राहिले नाहीत. त्यापूर्वी १९०१ पासूनच कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहू लागली होती. खेड्यातील मुलाला गावची शाळा संपल्यावर शहरात शिकायचे तर निजण्यास जागा नव्हती आणि जेवणाची सोय नव्हती. बोर्डिंग ही त्या काळची खरी शालेय तयारी होती. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि १९०१ च्या त्या पर्वातच कोल्हापूरचे दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. शेतीवर जगणाऱ्या जैन कुटुंबांतील कितीतरी मुलांना या बोर्डिंगने शहरातील शाळेचे दार उघडून दिले. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील हे त्याच बोर्डिंगचे एक विद्यार्थी होत.

पुढे कर्मवीर म्हणून महाराष्ट्राने गौरविलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह उघडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांनी स्वतः कष्ट करावेत, आपली कामे आपण करावीत आणि त्यातून शिकावे, अशी तेथील रीत होती. गावोगावच्या घरांतून मूठ मूठ धान्य गोळा होत असे. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. ज्या दिवशी गरज आहे त्याच दिवशी मदत झाली पाहिजे, हे त्या माउलीने आचरणाने दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी क्रमाक्रमाने शासनाकडे आली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फी-माफीची सवलत मिळाली. ‘ई.बी.सी.’ या नावाने ती घराघरांत परिचित झाली. फीचे ओझे उतरल्यावर पुस्तकांचे ओझे डोळ्यांपुढे आले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्राथमिक वर्गांना पाठ्यपुस्तके मोफत द्यावीत, अशी शिफारस केली. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि राज्यभर एकच, माफक किमतीचे पाठ्यपुस्तक मुलांच्या हाती आले. पुस्तक सर्वत्र एकच असल्यामुळे थोरल्या भावंडाचे पुस्तक धाकट्यास चालू लागले. शाळांतून व मंडळांतून पुस्तकपेढ्या उभ्या राहिल्या. एप्रिलमध्ये जुनी पुस्तके जमा करायची, सुटीत त्यांना खळ लावून पुठ्ठे चढवायचे आणि जूनमध्ये वाटायची, असा त्यांचा क्रम असे. या साध्या व्यवस्थेचे मर्म तिच्या वेळापत्रकात होते.

पुढील काळात मदतीचे प्रकार वाढले. १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त कुटुंबांतील पहिली ते चौथीच्या मुलींना दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची पोषण आहार योजना आली. आरंभी घरी धान्य मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. सर्व शिक्षा अभियानात मोफत पुस्तकांची योजना विस्तारली आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अमलात आला.

राहिला प्रश्न गणवेशाचा, आणि तोच सर्वांत अवघड ठरला. पुस्तक सर्वांना एकाच मापाचे चालते. कपड्याचे तसे नाही. मुलाचे अंग वर्षभरात वाढते. कापड धुतल्यावर आटते. म्हणूनच जाणती आई शिंप्याला खाली दुमड जास्त ठेवण्यास सांगते, ती पुढल्या वर्षी सोडता येते. खाकी चड्डी व पांढरा सदरा या जुन्या गणवेशाने अशीच दोन-दोन भावंडांची वर्षे काढली. हे व्यवहारज्ञान दुर्लक्षिले गेले की योजना कशी अडखळते, हे अलीकडील दोन प्रयोगांनी दाखविले. २०१७-१८ मध्ये दोन गणवेशांचे ४०० रुपये थेट बँक खात्यात जमा करण्याचे ठरले. हेतू पारदर्शकतेचा होता. परंतु पालकांनी आधी पदरचे पैसे घालून खरेदी करावी आणि पुढे रक्कम मिळावी, असा क्रम झाला. जूनमध्ये हाती पैसा नसणाऱ्या घराला त्याचा उपयोग मर्यादित होता. २०२४-२५ मध्ये कापड राज्यस्तरावर एकत्र खरेदी करून महिला बचत गटांकडून गणवेश शिवून घेण्यात आले. अनेक ठिकाणी ते महिनोन्महिने उशिरा पोहोचले आणि मापात बसले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरविला व २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले. गावातील समिती मुलाला पाहून माप घेऊ शकते, हे तिचे बळ आहे.

वह्यांबाबतही असाच एक प्रयोग झाला. गरीब मुलांकडे वही नसते आणि दप्तराचे ओझेही वाढते, म्हणून २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने जोडण्यात आली. मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली, त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला.

वस्तूंखेरीज आणखी एक तयारी असते, ती मनाची. कोरोनाकाळात अंगणवाड्या व शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या आणि शाळेचा अनुभव नसलेली मुले पहिलीच्या दारात उभी राहिली. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राज्यभर झाले. एप्रिल व जूनमध्ये शाळांतून मेळावे भरले. मुलांची भाषा, गणन, हालचाल यांची खेळीमेळीने चाचपणी झाली आणि माता-पालकांचे गट करून घरी काय करून घ्यावे, हे त्यांना सांगण्यात आले. ज्वारीचे दाणे मोजणे, कपड्यांच्या घड्या घालणे, गोष्ट सांगणे यांतही शिक्षण आहे, हे आईला उमगले की त्या तयारीला पैसा लागत नाही.

फुल्यांच्या निवेदनापासून आजवरचा हा प्रवास पाहिला असता एक सूत्र हाती लागते. मदत किती झाली याइतकेच ती केव्हा झाली याला महत्त्व आहे. जुलैअखेर मिळालेला गणवेश पंधरा जूनची लाज झाकू शकत नाही. वर्गात एकटेच मूल रंगीत कपड्यात बसले, की त्याला आपले घर सर्वांपुढे उघडे पडल्यासारखे वाटते. शाळेला दांडी मारण्याची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते.

सामाजिक संस्थांनाही ही कसोटी लागू आहे. प्रमुख पाहुण्यांच्या सवडीसाठी वह्यावाटप लांबणीवर पडते, व्यासपीठावर मुलाला उभे करून छायाचित्र घेतले जाते, हे दृश्य अपरिचित नाही. आपल्या परंपरेत ज्ञानदानाचे महत्त्व थोर मानले आहे आणि गुप्तदानाचे त्याहून कमी नाही. एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांकडून गरजू मुलांची यादी व मापे घ्यावीत, मे महिन्यात कापड, शिलाई व वह्यांची व्यवस्था करावी आणि शाळा उघडण्याच्या आठ दिवस आधी पालकांच्या हाती सर्व वस्तू शांतपणे द्याव्यात. दुमड मात्र जास्त ठेवण्यास सांगावे. पहिल्या दिवशी वर्गात कोणाला मदत मिळाली आणि कोणाला नाही, हे ओळखू येऊ नये. तेवढे साधले की संस्थेचे काम पूर्ण झाले.