यंत्रगुरूची परंपरा : बास्केटबॉलमधील नेमाचा एक इतिहास

चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० नंतर डॅनिश बनावटीचे हलके यांत्रिक हात माणसांच्या शेजारी कामास उभे राहिले. असा हात कामास लावण्यापूर्वी त्यास 'शिकवावे' लागते. कामगार तो धरून इष्ट मार्गाने फिरवितो आणि यंत्र तो मार्ग स्मरणात ठेवते. येथे माणूस गुरू असून यंत्र शिष्य आहे. बास्केटबॉलच्या मैदानावर मात्र गेल्या काही दशकांत हे नाते उलटलेले दिसते. तेथे यंत्रच माणसाच्या हातास वळण लावू पाहते. गुरूचे कोणते कार्य यंत्राकडे गेले व कोणते गेले नाही, हा या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय.

निर्जीव वस्तूकडून शिकणे महाराष्ट्रास अपरिचित नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. जोडीदारावाचूनही मल्लास पकडींचा सराव करता यावा, हा त्या खांबाचा एक मूळ उपयोग. खांब थकत नाही. परंतु चूकही दाखवीत नाही. त्यासाठी वस्तादच हवा. सराव आणि दुरुस्ती ही शिक्षणाची दोन भिन्न अंगे आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

बास्केटबॉलमध्ये प्रथम सरावाचे अंग यंत्राकडे गेले. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ सुरू केला, तेव्हा टोपलीत पडलेला चेंडू काढण्यास शिडी लावावी लागे. पुढे टोपलीचा तळ गेला, तरी एकट्या खेळाडूचा बराच वेळ चेंडूमागे धावण्यातच जाई. कड्याभोवती उंच जाळे उभारून चेंडू गोळा करणारी व तो खेळाडूकडे परत फेकणारी यंत्रे आली आणि ही अडचण दूर झाली. हा मल्लखांबाचाच वेगवान अवतार म्हणावयास हरकत नाही.

दुसरा टप्पा मापनाचा. १९८१ मध्ये पीटर ब्रांकाझिओ यांनी या खेळाच्या भौतिकीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातील मूळ भूमिती सोपी आहे. कड्याचा व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर व चेंडूचा सुमारे २४. चेंडू ४५ अंशांनी उतरला, तर त्याच्या मार्गातून कड्याची रुंदी सुमारे ३२ सेंटिमीटर भरते. ३२ अंशांनी उतरला, तर ती जेमतेम चेंडूएवढीच उरते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या 'नोआ' या अमेरिकन यंत्रणेने हाच कोन प्रत्येक फेकीनंतर मोजून तत्काळ उच्चारून दाखविण्यास आरंभ केला. खांब बोलू लागला, तो असा.

परंतु आकडा म्हणजे दुरुस्ती नव्हे. 'एक्केचाळीस' हा शब्द कानी पडला, तरी कोपर बाहेर गेले, की गुडघ्यातून जोर आला नाही, की चेंडू उशिरा सुटला, हे त्यातून कळत नाही. परिणाम सांगितला जातो, कारण मात्र शोधावे लागते. शिवाय सॅल्मोनी, श्मिट व वॉल्टर यांनी १९८४ मध्ये पूर्वीच्या प्रयोगांचा परामर्श घेऊन दाखविले की, प्रत्येक प्रयत्नानंतर मिळणारी माहिती सरावाच्या वेळी उपयोगी पडली, तरी शिकणारा तिच्यावर विसंबू लागतो आणि ती नाहीशी होताच कौशल्य उणावते. विन्स्टाइन व श्मिट यांच्या १९९० मधील प्रयोगांत निम्म्याच प्रयत्नांनंतर माहिती मिळालेल्यांच्या हाती कौशल्य अधिक टिकले. केव्हा बोलावे याइतकेच केव्हा गप्प राहावे हेही गुरूस कळावे लागते.

निर्दोष फेक म्हणजेही अध्यापन नव्हे. टोयोटाच्या 'क्यू ३' या यंत्रमानवाने २०१९ मध्ये सलग २,०२० फ्री थ्रो अचूक टाकले. पण त्याच्या सांध्यांचे गणित मुलाच्या खांद्यास लागू पडत नाही.

सारांश, सराव व मापन ही कार्ये यंत्राने उत्तम रीतीने स्वीकारली आहेत. कारणमीमांसा व योग्य वेळीचे मौन अद्याप शिक्षकाकडेच आहे. ज्या शाळेत यंत्र येईल, तेथे शिक्षकाचे पद कमी करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तसे झाल्यास मुलांच्या कानी आकडे पडतील, पण हाताला वळण लागणार नाही. चाकणचा यांत्रिक हातही प्रथम कोणीतरी हात धरून शिकविलेला असतो, हे विसरता कामा नये.